नवतपात टायर का फुटतो



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हाला नववी-दहावीत विज्ञान शिकवायचे. शाळेच्या मागे सायकली लावायची जागा होती. छप्पर नव्हतं. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, गणिताचा पेपर चालू असताना, बाहेर ‘फट्ट’ असा आवाज झाला. सगळ्यांनी ओळखलं, कुणाची तरी सायकल गेली. ती माझी होती. पेपर संपल्यावर मी उन्हाला शिव्या देत उभा होतो. सर आले, बसले, ट्यूब बाहेर ओढली. आदल्या महिन्यात लावलेलं ठिगळ अर्धं सरकलेलं होतं, त्याखालचं सोल्युशन उन्हानं पातळ होऊन चिकचिक करत होतं. सर म्हणाले, “आवाज कुठून आला ते राहू दे. हवा कुठून गेली ते पाहा.”

पुढे मी विम्याचा सर्व्हेअर झालो. अपघात झाला की गाडी पाहायला जायचं, नुकसान मोजायचं, कारण लिहायचं. तीस वर्षं नागपूर ते देवरी या पट्ट्यात हेच केलं. कारणाच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा माझ्यासमोर आलेले दोन शब्द म्हणजे ‘टायर फुटला’. एप्रिल-मे असेल तर त्यापुढे ‘उन्हामुळे’. आज मी या दोन शब्दांबद्दल बोलणार आहे. विषयाचं नाव पत्रिकेत ‘उन्हाळ्यातील टायरांची तुलना’ असं छापलंय. कोणता टायर घ्यावा हे ऐकायला कुणी आलं असेल तर तेही येईल, पण उशिरा.

आधी ‘उन्हाळी टायर’ या शब्दाचा घोळ काढून टाकू. युरोपात दर वसंतात मोटारींची मासिकं आणि जर्मनीतल्या एडीएसीसारख्या मोटारचालकांच्या संस्था उन्हाळी टायरांच्या तुलना छापतात. एकाच मापाचे बऱ्याच कंपन्यांचे टायर घेतात, एकाच गाडीला लावतात, कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून अंतर मोजतात, झीज मोजतात, आवाज मोजतात. काम अगदी निगुतीचं असतं. पण तिथे उन्हाळी टायर म्हणजे काय? पारा साधारण सात अंशांच्या वर गेला की वापरायचा तो. सात अंश! आपल्याकडे सात अंश म्हणजे पौषातली शेकोटी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘विदर्भ गारठला’. त्यांच्या हिशोबानं आपण बाराही महिने उन्हाळ्यात राहतो आणि आपल्या दुकानात मिळणारा जवळपास प्रत्येक टायर उन्हाळीच असतो. आपला उन्हाळा त्यांच्या तक्त्यात कुठेच नाही. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि आपण भंडाऱ्यात, तिथून फक्त साठ किलोमीटरवर आहोत. रोहिणी नक्षत्र लागलं, नऊ दिवसांचा नवतपा सुरू झाला की दुपारी दोन वाजता कारध्याच्या पुलावर चप्पल काढून उभं राहून पाहा. डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं.

तर मग ऊनच टायर फोडतं ना? मलाही तसंच वाटायचं. त्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून ती हकिकत सांगतो.

२००६ चा मे. भाचीचं लग्न लाखांदूरला. पाच जणांच्या गाडीत आम्ही सात आणि मांडीवर एक. डिकीत आंदण. भंडाऱ्याचं आंदण म्हणजे पितळ आलंच: दोन हंडे, घागर, परात, आणि काय काय. निघताना हवा पाहायला थांबलो. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, “उनाऱ्यात हवा फुगते जी. कमीच ठेवाची.” बत्तीसची हवा त्यानं सव्वीसवर आणली. मी मान डोलावली. सर्व्हेअर होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, म्हणजे लाज वाटायला पुरेल एवढा अनुभव गाठीशी होता. लाखनी सुटली, साकोली अजून यायची होती, आणि मागचा डावा टायर गेला. गाडी शेताच्या बाजूला उतरली, उलटली नाही. कुणाला खरचटलंही नाही. परातीला पोचा आला, तो भाचीकडे अजून आहे.

स्टेपनी लावली आणि तो टायर मी डिकीत टाकून घरी आणला. (जाता जाता: ‘स्टेपनी’ हे वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या एका रस्त्याचं नाव. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला. इंग्रजीत तो शब्द जवळपास विसरला गेला. आपल्याकडे तो पंक्चरच्या प्रत्येक टपरीवर जिवंत आहे.) दुसऱ्या दिवशी अंगणात बसून मी तो टायर रिमवरून उतरवला. आत हात घातला तर मूठभर काळा चुरा निघाला, कॉफीच्या पुडीसारखा. टायरच्या दोन्ही बाजूंना, ज्याला आपण साइडवॉल म्हणतो तिथे, सबंध गोलाकार घासलेला पट्टा होता. आतून त्याच रेषेत सुरकुती पडलेली. फाटलेल्या जागी धाग्यांची टोकं पिंजलेली, काही वितळून गाठाळलेली. तळव्यावरची नक्षी मात्र छान शाबूत होती.

हवा फुगून टायर फुटला असता तर चुरा कुठून आला असता? चुरा दळल्याशिवाय होत नाही. तो टायर चाळीसेक किलोमीटर स्वतःलाच दळत आला होता.

तार तोडायची असेल आणि पक्कड नसेल तर आपण काय करतो? मागेपुढे वाकवतो. तुटण्याआधी ती जागा बोट लावू नये इतकी तापते. टायरचं तेच आहे. जमिनीला टेकलेला भाग दबतो, त्याची बाजू बाहेर फुगते, पुढच्या क्षणी सरळ होते. १८५/६५ आर १५ हे आपल्याकडे सर्रास दिसणारं माप घ्या. त्याचा घेर दोन मीटरच्या जरा आत येतो. म्हणजे एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे. ताशी ऐंशीच्या वेगाला सेकंदाला अकरा-बारा. भंडाऱ्याहून नागपूरला पोचेपर्यंत साइडवॉलचा प्रत्येक इंच तीस हजारांहून जास्त वेळा वाकून सरळ झालेला असतो. रबराला वाकवायला जेवढी ताकद लागते तेवढी ते सरळ होताना परत देत नाही. थोडी ठेवून घेतं, आणि जे ठेवून घेतं त्याची उष्णता होते. हवा कमी असेल तर वाक मोठा. भार जास्त असेल तर वाक आणखी मोठा. वेग वाढला तर त्याच वेळात वाक अधिक. रबर उष्णता लवकर बाहेर सोडत नाही, त्यामुळे ती आतच साठते, तेही पट्टे आणि धागे जिथे चिकटवलेले असतात नेमकं तिथे. मे महिन्यातलं ऊन काय करतं? सुरुवातच वरच्या पायरीवरून करून देतं, आणि बाहेरची हवा गरम असल्यानं टायरला थंड होऊ देत नाही. आग मात्र टायर स्वतः पेटवतो.

आता ‘हवा फुगते’ याचा हिशोब. सरांनी शिकवलेला नियम आहे: जागा तेवढीच असेल तर तापमानाच्या प्रमाणात दाब वाढतो. फक्त अंश मोजायचे ते उणे २७३ पासून, आणि गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे. सकाळी २५ अंशांना ३३ पौंड भरले. चालून आणि तापून आतली हवा ६५ अंशांवर गेली. दाब होतो ३९ ते ४०. सहा-साडेसहा पौंड वाढ. मोठी वाटते? टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, मोटारीच्या टायरवर बहुधा ४४ किंवा ५१. आणि ही वाढ गाडीच्या दारावर ३३ चा आकडा लिहिणाऱ्या अभियंत्यानं आधीच हिशोबात धरलेली असते. तो आकडा थंड टायरचा आहे. गरम झाल्यावर ३९ होणार हे त्याला ठाऊक होतं.

मग ‘कमी ठेवाची’ हे शहाणपण आलं कुठून? माझा अंदाज असा की ते सायकलवरून आलं. पातळ ट्यूब, चार ठिगळं, उन्हात उभी सायकल, सुटलेलं सोल्युशन. तिथे दोन पंप कमी मारणं खरंच शहाणपणाचं होतं. सायकल गेली, मोटार आली, शहाणपण तेच राहिलं. भाबडेपणा म्हणून मी याला हसत नाही. आपल्या लोकांनी ते अनुभवातूनच काढलं होतं, फक्त दुसऱ्या चाकाच्या.

याहून छुपी एक गोष्ट आहे, ती तर शिकलेली माणसंही करतात. दुपारी दोनला ठाण्याच्या पेट्रोल पंपावर थांबायचं. ठाणा गावाचं नावच लोकांनी ‘ठाणा पेट्रोल पंप’ करून टाकलंय, तो भाग वेगळा. गाडी पन्नास किलोमीटर चालून आलेली, टायर तापलेले. हवा तपासायची, ३३ दिसली की समाधान. ती ३३ गरम टायरची. पहाटे तीस अंशांत तोच टायर मोजा, २८-२९ भरेल. म्हणजे कुणी सांगितलं नाही, कुणी कमी केली नाही, तरी उन्हाळ्यात आपली हवा चार-पाच पौंडांनी कमीच असते. नायट्रोजन भरून घेतला तरी यातून सुटका नाही. नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच, फुकट.

अमेरिकेत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. बरेचसे फोर्डच्या एक्स्प्लोरर गाडीवरचे. धावता धावता नक्षीचा वरचा पट्टा सुटून यायचा आणि उंच गाडी उलटायची. तिथल्या सरकारी खात्यानं २७१ मृत्यू या प्रकरणाशी जोडले. तक्रारी जास्त होत्या त्या टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांतून. दोष रचनेचा, कारखान्याचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या, आणि त्या भांडणात एक आकडा पुन्हा पुन्हा यायचा. गाडीवाल्यांनी हवा २६ सांगितली होती, टायरवाले म्हणत ३० हवी होती. २६ हा आकडा वाचला तेव्हा मला परातीचा पोचा आठवला.

त्यानंतर तिथे टायरची कसोटीच बदलली. तापवलेल्या खोलीत, ढोलावर, ताशी १२० च्या वेगानं ३४ तास टायर पळवायचा, आणि मग त्याच टायरची हवा २० पौंडांवर आणून तो आणखी दीड तास पळवायचा. त्या दीड तासाबद्दल मला फार आदर आहे. माणूस हवा तपासणार नाही हे गृहीत धरून लिहिलेली ती कसोटी आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरना एआयएस-१४२ लागू झालं. त्यात तीन गोष्टी मोजतात: टायर फिरताना किती ताकद खातो, ओल्या रस्त्यावर किती धरतो आणि किती आवाज करतो. तिन्ही हव्यातच. पण दाराशी उभा असलेला मे महिना त्या तिघांत नाही.

आता समृद्धी महामार्गाबद्दल बोललंच पाहिजे, कारण तो रस्ता आपल्या जिल्ह्याकडेही यायचा आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात टायर फुटण्याच्या बातम्यांचा पाऊस पडला. लोकांनी सिमेंटला दोषी धरलं. सिमेंटचा रस्ता खरखरीत असतो, झीज थोडी जास्त होते, हे खरं. पण तो डांबरापेक्षा फिका असतो, ऊन जास्त परतवतो, त्यामुळे तापतो कमी. वेगळं काय झालं होतं? इतकी वर्षं आपल्या रस्त्यांनीच टायरला विश्रांती दिली होती. गतिरोधक, बैलगाडी, माथनीचा टोलनाका, चहा. समृद्धीवर टायर पहिल्यांदाच दोन-दोन तास न थांबता ताशी १२० नं पळाला, घरून निघाला तसाच, २६-२८ पौंडांवर. २०२३ मध्ये परिवहन विभागानं नाक्यांवर टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की मोटार रस्त्यावर आणायची नाही, असा नियम आधीपासूनच होता. तो वाचला गेला तो तेव्हा.

त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस माणसं गेली. चालकानं सांगितलं, टायर फुटला. परिवहन अधिकाऱ्यांनी जागा पाहून अहवाल दिला, त्यात टायर फुटल्याची खूण सापडली नाही असं होतं. रस्त्यावर रबराचे तुकडे नव्हते. वेळ रात्री दीडची होती, ऊन तर नव्हतंच. या घटनेवर जास्त बोलणं मला योग्य वाटत नाही. एवढंच म्हणतो की ‘टायर फुटला’ हे दोन शब्द उच्चारले की पुढचे प्रश्न आपण विचारत नाही. चालक किती तास जागा होता? वेग काय होता? टायर आधी गेला की गाडी धडकल्यावर गेला? धडकून फाटलेल्या टायरला एका जागी सरळ चीर असते, आत चुरा नसतो. माझ्या तीस वर्षांत ‘फुटलेल्या’ टायरपैकी कितीतरी असे निघाले.

हवा, भार, वेग, वय. टायरच्या तुलनेला बसायचं तर आधी हे चार सारखे करून घ्यावे लागतात. ते न करता “अमक्या कंपनीचा टायर फुटतो, तमक्याचा नाही” म्हणणं म्हणजे एका पोराला रिकाम्या हाती आणि दुसऱ्याला धानाचं पोतं देऊन शर्यत लावणं. वैनगंगेची रेती क्षमतेच्या दीडपट भरून पळणाऱ्या टिप्परच्या टायरला कोणत्या तोंडानं नावं ठेवायची?

वय तर कुणी पाहतच नाही. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. निवृत्त लोकांच्या गाड्या वर्षाला चार हजार किलोमीटर चालतात, नक्षी नवी कोरी दिसते, आणि रबर आठ उन्हाळे खाऊन बसलेलं असतं. साइडवॉल वाकवून पाहा, भेगाळलेल्या टाचेसारखी दिसेल. मापाच्या पुढे ‘८८ एच’ असं लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. तो ५६० चा आकडा पुरेशा हवेवरचा आहे, हवा काढली की किलोही गेले. काही टायरवर ‘टेंपरेचर’ या शब्दापुढे ए, बी किंवा सी असतं. ही अमेरिकी पद्धतीची प्रतवारी, टायर किती वेगापर्यंत उष्णता सोसतो याची, आणि आपल्या उन्हाळ्याशी सरळ बोलणारं एवढं एकच अक्षर टायरवर असतं. मी विकत घेताना ए पाहतो.

तर, कोणता घ्यावा? दुकानात आपण एकच विचारतो, “किती चालेल?” टायर बनवणाऱ्याच्या हातात तीन दोऱ्या असतात: पल्ला, पकड आणि पेट्रोलचं मायलेज. एक ओढली की दुसरी ढिली पडते. रबर कडक केलं तर साठ हजार किलोमीटर चालतो, पण पावसात घसरतो. मऊ केलं तर धरतो, आणि लवकर संपतो. काजळीच्या जागी थोडी सिलिका घालून तिन्ही दोऱ्या जरा सांभाळता येतात. ती युक्ती नव्वदच्या दशकात आली, आणि अशा टायरला आपण “महाग आहे” म्हणतो. आपल्या जिल्ह्यापुरतं माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या: भंडाऱ्यात टायरची निवड उन्हाळ्यासाठी करू नये, पावसासाठी करावी. उन्हाळा हवेनं सांभाळता येतो, वीस रुपयांचं काम आहे. पाऊस हवेनं पुरता सांभाळला जात नाही. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि रोवणीच्या दिवसांत केजव्हीलचे ट्रॅक्टर बांधी सोडून थेट डांबरावर येतात. लाखनी-साकोलीच्या रस्त्यावर त्या गाऱ्याचा जो गुळगुळीत लेप बसतो, त्यावर युरोपातल्या कोणत्याही मासिकानं अजून ब्रेक मारून पाहिलेला नाही.

आणि तिथेही पुन्हा हवा आहेच. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो याचं एक ठोकळ सूत्र नासाच्या संशोधकांनी साठच्या दशकात काढलं. त्यांच्यापुढे विमानाची चाकं होती, पण अंदाजाला चालतं. ३३ पौंडांवर ताशी पंचाण्णवच्या आसपास, २४ वर ऐंशीच्या आसपास. नवतपात काढलेली हवा मृगात भरायची कोण लक्षात ठेवतं?

माझी गाडी बाहेर भिंतीला लागून उभी आहे. चारच्या आधी आलो होतो, तेव्हापासून उजव्या बाजूच्या दोन चाकांवर ऊन होतं, डावी सावलीत होती. चारही सकाळी सहाला ३३ वर भरून निघालो. गेज डिकीत आहे, स्वतःचं, पंपावरचं नाही. चहा झाला की ज्यांना यायचंय त्यांनी या, दोन्ही बाजूंमध्ये किती फरक आहे ते आपण मोजून पाहू. मी अजून पाहिलेलं नाही.